तात्यांची थंडी

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच वाजता तात्या पिंगळे आमच्या फाटकापाशी येऊन उभे राहतात आणि कर्जतच्या दहिवलीत थंडी सुरू झाल्याचं जाहीर करतात. अंगात पूर्ण बाह्यांचा लोकरी स्वेटर, डोक्याला कानटोपी, पायात लोकरी मोजे आणि दोन्ही गुडघ्यांवर लोकरीचेच पट्टे. मी त्या वेळी पंखा लावून झोपलेला असतो. "सुधा, ऊठ रं! गारठा पडलाय!" अशी हाक येते. मी पंखा बंद करतो, अर्ध्या बाह्यांचा सुती सदरा अडकवतो आणि बाहेर येतो. तात्या माझ्या उघड्या कोपरांकडे बघून मान हलवतात आणि आम्ही फिरायला निघतो.

कर्जतच्या थंडीवर मला अन्याय करायचा नाही. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आहे. आम्ही डोंगराच्या पायथ्याशी राहतो, पहाटे वरची गार हवा खाली उतरते आणि पौषातले दहा-पंधरा दिवस तोंडातून वाफ निघते. शेकोट्या पेटतात. शनिवार-रविवारी मुंबईहून आलेली माणसं हात चोळत "काय थंडी आहे हो तुमच्याकडे" म्हणतात, तेव्हा आम्हालाही बरं वाटतं. पण ही थंडी सकाळी आठपर्यंत थांबते आणि मग चहा पिऊन निघून जाते. रथसप्तमीनंतर तर तीही येत नाही.

तात्यांची थंडी भाऊबीजेला येते ती होळीपर्यंत मुक्काम ठोकते. "रथसप्तमीला जाते ती लोकांची थंडी," ते म्हणतात. "आपली होळीपर्यंत हाय." एकदा मी घरातला थर्मामीटर खिशात घालून नेला आणि पुलावर त्यांच्या नाकासमोर धरला. एकवीस अंश होते. तात्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि परत दिला.

"काचेच्या नळीला काय कळतं? भट्टीला विचार."

'भट्टीला विचार' हे तात्यांचं शेवटचं वाक्य. त्यापुढे वाद संपतो. रक्तदाबाची गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, नगरपालिकेत कोण निवडून येणार, आंब्याचा यंदा मोहर का गळला, सगळ्याचं उत्तर भट्टीला ठाऊक असतं. ही भट्टी म्हणजे खोपोलीकडच्या एका पोलाद कारखान्यातली. तात्यांनी तिथे अठ्ठावीस वर्षं काढली. वितळलेल्या लोखंडाचा नुसता रंग बघून किती तापलंय ते सांगायचे म्हणे. तिथे अंगात जाड लोकरीचा कोट घालावा लागायचा, कारण ठिणगी उडाली तर सुती कापड पेटतं, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं आणि लोकर मात्र जरा काळी पडून विझते. थोडक्यात, लोकर आणि तात्या यांची ओळख थंडीत झालेली नसून आगीत झालेली आहे. हे कळल्यावर त्यांच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो, असं मला वाटायचं.

तात्या माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे. माझ्या थोरल्या भावाच्या वर्गात होते. त्यामुळे सगळं गाव मला 'सर' म्हणत असलं तरी तात्यांच्या लेखी मी अजून नाक पुसायला विसरणारा सुधाच आहे. आम्ही रोज दहिवलीहून निघतो, उल्हास नदीचा पूल ओलांडतो, गाव मागे टाकून पळसदरीच्या रस्त्याला लागतो. सोबत मेडिकलवाले गुप्ते असतात. वाटेत ओढ्यावरच्या एका मोरीच्या कठड्यापाशी थांबून तात्या पन्नास बैठका मारतात, मी पंचवीस मारल्यासारखं करतो आणि गुप्ते दोघांच्या मोजतात.

गंमत म्हणजे निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षं हाच माणूस भर पौषात बनियनवर फिरायचा. "भट्टीची ऊब अजून अंगात हाय," असं छाती ठोकून सांगायचा. मग चार वर्षांपूर्वी एका दिवाळीनंतर अचानक लोकर आली. निवृत्त माणसाला उशिरा का होईना काहीतरी लागतंच. कुणी होमिओपॅथी वाचतो, कुणी वंशावळ काढतो. गुप्त्यांनी दुकानात पाण्याचं यंत्र बसवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते पाणी पाजलं. तात्यांना लोकर लागली, यात आश्चर्य वाटण्यासारखं आम्हाला काही दिसलं नाही.

सुती कापडाचा त्यांना मनस्वी तिरस्कार. "सुती कापड फितूर हाय," हे त्यांचं मत. "घाम आला की लगेच घामाच्या बाजूनं जातं. अंगाला चिकटतं आन् वारा लागला की तुलाच गारठवतं. लोकर तशी नाय. लोकर भिजली तरी आपली बाजू सोडीत नाय." हे ऐकवताना ते माझ्या पाठीवरच्या ओल्या सदऱ्याला दोन बोटांत धरून गुप्त्यांना पुरावा म्हणून दाखवायचे.

वाईट याचं वाटतं की यात काही खोटं नव्हतं. मी घरी जाऊन वाचून काढलं. लोकर ओली झाली तरी ऊब धरून ठेवते, घामाचा वास धरत नाही, बर्फात डोंगर चढणारी माणसं अंगालगत लोकरच घालतात. तात्यांचं तत्त्व बरोबर होतं. फक्त तालुका चुकला होता. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तालुका काय, शेजारी खालापूरला असतो तरी घातला असता."

लोकर खरी पाहिजे, हा दुसरा हट्ट. बाजारात लोकर म्हणून मिळतं त्यातलं निम्मं प्लॅस्टिक असतं, असं त्यांचं म्हणणं. ओळखायची रीत भट्टीतलीच. एक धागा तोडायचा, काडी ओढायची आणि जाळून बघायचं. केस जळल्याचा वास आला आणि चुरगळून राख झाली तर लोकर. वितळून मणी झाला तर नकली. ही परीक्षा ते दुकानातच घेतात. कल्याणला एका कापडाच्या दुकानात त्यांनी गल्ल्याशेजारी उभं राहून तिसरी काडी ओढली तेव्हा मालकाने त्यांना हात जोडून बाहेर आणून सोडलं. मी सोबत होतो. लोक बघत होते. तात्या पायऱ्या उतरताना मला समजावत होते, "तिन्ही नकली. बरं झालं घेतलं नाय."

लोकरीचे गुंडे घरी आले की स्वेटर विणायचं काम वहिनींचं. वहिनी म्हणजे तात्यांची बायको. त्यांच्याकडे मी येईनच. आधी त्या स्वेटरांबद्दल सांगायला हवं, कारण मधली दोन वर्षं दहिवलीत त्यांच्याबद्दल इतकं बोललं गेलं आहे की मी टाळलं तर लोक म्हणतील सर पक्षपात करतात.

एका जानेवारीत अवकाळी पाऊस आला. आम्ही मोरीपाशी सापडलो, आसपास आडोसा नाही. पावसात तात्यांचा मोरपिशी स्वेटर पाणी पिऊन खाली उतरू लागला. पुलापर्यंत तो मांड्या झाकून गुडघ्यांशी आला होता आणि बाह्या हातांच्या पुढे वीतभर लोंबत होत्या. तात्या दोन्ही हातांनी ओचा धरावा तसा स्वेटर उचलून चालत होते. गुप्ते हसू दाबताना ठसका लागून थांबले. "हसा," तात्या म्हणाले, "पण मी आतून गरम हाय. तुमी सांगा तुमचं."

असा ओला स्वेटर दोरीवर वाळत घालायचा नसतो, आणखी लांबतो. म्हणून तात्या अंगणात बाजेवर धुतलेलं धोतर पसरायचे आणि त्यावर स्वेटर हातपाय नीट लावून आडवा घालायचे. वरच्या बाजूला कानटोपी, खालच्या बाजूला मोजे. दूध घालणारी बाई फाटकातून दोन-तीनदा "तात्या, दूध आणलंय" म्हणाली आणि शेवटी "आज बरं नाय वाटत काय?" असं विचारत बाजेपर्यंत गेली. जवळ गेल्यावर तिने जी आरोळी ठोकली ती आमच्या घरी ऐकू आली.

एका रविवारी आम्ही पळसदरीच्या धरणापर्यंत गेलो होतो. तिथे मुंबईचा एक तरुण पळून घामाघूम होऊन उभा होता. तात्यांचा अवतार बघून तो हसला नाही. उलट आदराने पुढे आला आणि म्हणाला, "काका, मीपण वुलनच घातलंय. मेरिनो." मला वाटलं, आता तात्या डोक्यावर बसणार. तात्यांनी त्या मुलाच्या शर्टाची बाही चिमटीत धरली, अंगठ्याने चोळली, गालाला लावली आणि सोडून दिली.

"बोचत नाय," ते म्हणाले.

"हो ना! हाच तर फायदा."

"लोकर बोचली पायजे रं. बोचली की कळतं, कुणीतरी विणलीय."

तो मुलगा विचारात पडला. मी वेळ सावरायला त्याला धरणाचं पाणी कुठून येतं ते सांगितलं.

आता वहिनी. त्या खालापूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. फार बोलत नाहीत, आणि तात्यांसमोर तर कुणालाच बोलायला जागा उरत नाही. मुलगी पनवेलला दिलेली, ती सणावारी येते. एरवी घरात दोघंच. चार-पाच वर्षांपूर्वी वहिनींचा उजवा हात थरथरायला लागला. मग डावाही. कंपवात आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. चहाचा कप त्या बशीत ठेवतात तेव्हा बराच वेळ टकटक आवाज येत राहतो आणि आलेला माणूस खिडकीबाहेर बघू लागतो. अशा हातांनी त्या पडवीत बसून तात्यांचे स्वेटर विणायच्या.

साहजिकच स्वेटर दरवर्षी बिघडत गेले. आधी टाके सुटायचे. मग एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब झाली. यंदाच्या बाटलीहिरव्या स्वेटरचा गळा इतका अरुंद होता की तात्यांचं डोकं आत गेलं की कान लाल होऊन बाहेर येत. कुणीही शहाणा नवरा म्हणाला असता की आता पुरे, हातांना विसावा दे. तात्या प्रत्येक स्वेटर झाला की म्हणायचे, "अजून एक लागंल." आम्ही बसलेलो असताना, सगळ्यांसमोर, "बाही कुठवर आली? आज वीतभर झाली पायजे," असा तगादा लावायचे.

मला याचा राग यायचा. खरंच यायचा, मी लपवत नाही. लोकरीवर हसणं वेगळं आणि एका आजारी बाईला त्या वेडापायी राबवणं वेगळं. मी घरी बायकोला म्हणायचो, हा माणूस वरून गमतीदार आहे पण आतून मतलबी आहे. आपल्याला नसलेली थंडी वाजते म्हणून त्या बिचारीने बोटं मोडायची. बायको म्हणायची, "तुम्हाला त्यांच्या घरातलं काय माहीत?" मी म्हणायचो, दिसतंय ते दिसतंय.

फेब्रुवारी संपत आला होता. त्या दिवशी आम्हाला निघायला उशीर झाला आणि परत येताना साडेआठ वाजले. तात्यांनी मोरीपाशी दुसऱ्यांदा बैठका मारायचं काढलं. अंगात तो बाटलीहिरवा स्वेटर, वर कानटोपी. अकराव्या की बाराव्या बैठकीला ते खाली गेले ते वर आलेच नाहीत. तिथेच बसले. चेहरा लालभडक, डोळे अर्धे मिटलेले. गुप्त्यांनी आणि मी त्यांना कठड्याला टेकवलं. गुप्त्यांनी नाडी बघितली आणि म्हणाले, "सर, आधी हा स्वेटर काढा."

आम्ही दोघांनी स्वेटर वर ओढायला घेतला तर शुद्धीवर धड नसलेल्या त्या माणसाने दोन्ही मुठींनी त्याचा काठ पकडून ठेवला.

"काढू नका रं... गळा अरुंद हाय. फाटंल."

"तात्या, फाटू दे! जीव महत्त्वाचा की स्वेटर?"

"उसवंल सगळा. सोडा."

शेवटी गुप्त्यांनी बाटलीतलं पाणी कानटोपीवरूनच त्यांच्या डोक्यावर ओतलं. दहा मिनिटांनी रंग परत आला. एका ओळखीच्या रिक्षात घालून आम्ही त्यांना घरी आणलं. वाटेत त्यांनी मला दटावलं, "घरी काय बोलू नको. पाय मुरगळला म्हणून सांग." फाटकाशी उतरल्यावर त्यांनी लंगडायला सुरुवात केली. मी बघत होतो, आधी उजव्या पायाने लंगडले, मग डाव्या.

त्याच दुपारी, तात्या झोपले असतील असा अंदाज बांधून मी वहिनींकडे गेलो. मी ठरवूनच गेलो होतो. त्या पडवीत बसल्या होत्या. मांडीवर त्याच हिरव्या लोकरीची नवी बाही होती. एक सुई दुसरीला लागून बारीक आवाज येत होता.

"वहिनी, एक सांगू? राग मानू नका. तात्यांना थंडी वाजत नाही."

सुया थांबल्या. "काय बोलता, भावजी?"

"घामाने निथळतात ते रोज. आज रस्त्यात चक्कर येऊन बसले. पायबिय काही मुरगळला नाही. आणि तुमचे हात असे असताना हे सगळं कशासाठी? एका माणसाच्या हौसेसाठी? आता हातांना विश्रांती द्या."

वहिनींनी विचारलं, "खरंच नाय वाजत त्यांना?"

"अजिबात नाही. कर्जतला कुणालाच वाजत नाही आता."

त्यांनी धागा गुंड्याला गुंडाळला. दोनदा घसरला, तिसऱ्यांदा जमला. मग सुया गुंड्यात खुपसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. मी आपली यांना लागतं म्हणून विणत होते."

मी हलक्या मनाने घरी आलो. निवृत्तीनंतर प्रथमच कुणाला तरी उपयोगी पडलो, असं वाटलं. बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "तुम्हाला कुणी विचारलं होतं?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तात्यांची हाक आली नाही. गुप्त्यांचा दुकानाचा माल यायचा होता, त्यामुळे तेही नव्हते. मी एकटाच निघालो. पिंगळ्यांच्या फाटकापाशी वहिनी उभ्या होत्या. या वेळी त्या कधी बाहेर नसतात.

"भावजी, हे कवाच पुढं गेलेत. भेटले तर निरोप सांगाल? मी समोर बोलले तर हे ऐकायचे नाय."

"सांगतो की."

"म्हणावं, ऊन पुरे आता."

मला अगदी धन्य वाटलं. कालच्या माझ्या बोलण्याचा परिणाम झाला होता. काल चक्कर आली, त्यामुळे नवऱ्याने उन्हात फार फिरू नये, लवकर घरी यावं, असा काळजीचा निरोप. मी पाय उचलला. सव्वासहा वाजले होते आणि सूर्य अजून डोंगराआडच होता, पण भूगोलाचा शिक्षक असूनही ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

तात्या मोरीपाशी बैठका मारत होते. अंगात कालचाच स्वेटर. मी लांबूनच ओरडून सांगितलं, "तात्या, वहिनींचा निरोप आहे! ऊन पुरे आता!"

ते अर्ध्या बैठकीतच थांबले.

"काय म्हणली?"

"ऊन पुरे आता म्हणाल्या."

"ऊनच म्हणली? नीट आठव."

"ऊनच म्हणाल्या. का?"

तात्या कठड्यावर बसले. कानटोपी काढली आणि मांडीवर ठेवली. घराबाहेर, थंडीच्या दिवसांत, मी त्यांचं उघडं डोकं चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"ती लोकरीला ऊन म्हणते रं," ते म्हणाले. "कारखान्याच्या कॉलनीत आमच्या वर सायबाची बायको राहायची, शिमल्याकडची. तिनं हिला विणायला शिकवलं. ती ऊन म्हणायची, ही पण तेच म्हणायला लागली. पस्तीस वर्षं झाली, आमच्या घरात ऊन म्हंजे लोकर."

मग म्हणाले, "विणायचं सोडते म्हणती ती."

"मग चांगलंच झालं की, तात्या. त्यांच्या हातांना..."

"तुला काय कळतं रं हातांचं?" ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. "डॉक्टर म्हणला, बोटं चालती ठेवा. थांबली की आखडणार. मग घास पण तोंडात घालता येणार नाय. दाबायला रबराचा चेंडू दिला. दोन दिवस दाबला तिनं. तिसऱ्या दिवशी शेजारणीच्या कुत्र्याला खेळायला देऊन टाकला. मला म्हणती, मी काय लहान हाय? बिनकामाचं काम तिला जमत नाय, सुधा. पयल्यापासून नाय जमत. कुणाला लागत असंल तरच हात चालणार तिचा."

त्यांनी कानटोपीचा सुटलेला एक टाका बोटाने आत ढकलला.

"तवापासून मला थंडी वाजते," ते म्हणाले.

 काल मी ज्याला हौस म्हणालो होतो, घरी मतलब म्हणालो होतो, ते सगळं मला एकेक आठवत होतं. बाही आज वीतभर झालीच पाहिजे. अजून एक लागेल. गळा फाटेल, काढू नका. मला माझी अतोनात लाज वाटली. इतकी की मोरीखाली जाऊन बसावं असं वाटलं.

"तिला सांगितलं कुणी, मला वाजत नाय म्हणून?" तात्यांनी विचारलं.

"मी."

त्यांनी कानटोपी डोक्यावर चढवली. मग उठले. "चल," म्हणाले.

परत येताना ते इतके भरभर चालत होते की मला मागून पळावं लागलं. घरी आलो तर वहिनी पडवीत त्याच जागेवर बसल्या होत्या. लोकरीची पिशवी खुंटीला टांगलेली. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवलेले, आणि ते तसे नुसते ठेवलेले असतानाही हलत होते. तात्यांनी दारातूनच आवाज चढवला.

"बाही कुठाय? अर्धी बाही घालून मी पळसदरीला जाऊ? लोक काय म्हणतील?"

"तुमाला थंडी नाय वाजत," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "भावजींनी सांगितलंय. ते खोटं बोलायचे नाय."

 अठ्ठावीस वर्षांच्या भट्टीला विचारूनही तात्यांना पुढचं वाक्य सापडेना. ते माझ्याकडे बघू लागले. वहिनीही माझ्याकडे बघू लागल्या. त्या माणसाच्या डोळ्यांत मी आयुष्यात कधी विनवणी पाहिली नव्हती. ती बघवेना.

"वहिनी," मी म्हणालो, "त्यांचं जाऊ द्या. त्यांना नाहीच वाजत. मला वाजते."

"तुमाला?"

"खांद्यात. पहाटे फार भरतं. इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं ना, सांध्यात गारठा बसलाय. मी कुणाला बोललो नाही. तात्यांना काय म्हणून मागणार, ते हसतील. पण तुम्ही मला एक विणून द्याल का? पूर्ण बाह्यांचा?"

वहिनींनी माझ्या सुती सदऱ्याकडे पाहिलं. चार वर्षं मी लोकरीबद्दल काय काय बोललो होतो ते त्यांनी याच पडवीत बसून ऐकलं होतं. माझं त्यांना किती पटलं हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी तात्यांकडे एकदा बघितलं, परत माझ्याकडे बघितलं.

"पुढच्या थंडीपर्यंत लागंल," त्या म्हणाल्या. "हात हळू चालतो आता."

"चालेल. मला घाई नाही."

"पाठ करा मग इकडं."

मी पाठ केली आणि खाली पायरीवर बसलो. वहिनी मोजायला टेप घेत नाहीत, वितीने मोजतात. त्यांनी अंगठा माझ्या डाव्या खांद्यावर टेकवला आणि बोटं पाठीवर पसरली. पातळ सदऱ्यातून मला त्यांच्या बोटांची थरथर लागत होती. एक वीत झाली. दुसरी सुरू करताना बोट सरकलं, म्हणून त्यांनी परत पहिल्यापासून मोजायला घेतलं. तात्या बाजूला उभे राहून पिशवीतून सुया काढत होते आणि माझ्याकडे न बघता गुंड्याचं टोक शोधत होते.

"सुधा, हलू नको रं," ते नेहमीच्या खड्या आवाजात म्हणाले. "तिचं माप चुकंल."

मी हलत नव्हतो.